ताण, मेंदू आणि थांबलेली पाळी

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने हाँगकाँग घेतले आणि तिथल्या ब्रिटिश, अमेरिकन, डच नागरिकांना स्टॅन्लेच्या छावणीत कोंडले. त्या छावणीत ॲनी सिडनहॅम नावाच्या डॉक्टरही कैदेत होत्या. सोबतच्या बायकांची पाळी बंद पडते आहे हे त्यांनी टिपून ठेवले, आणि युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये त्यांचा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. युरोपातल्या छळछावण्यांतून सुटलेल्या बायकांनीही हेच सांगितले. जर्मन डॉक्टरांना हा प्रकार पहिल्या महायुद्धापासून ठाऊक होता. अन्नाचे हाल हे कारण उघडच होते, पण तेवढ्याने कोडे सुटत नव्हते. उपासमारीने अंग झडायला आठवडे, महिने लागतात. कितीतरी जणींची पाळी मात्र कैदेच्या पहिल्याच महिन्यात थांबली होती. शरीर रिकामे होण्याआधीच कुणीतरी निर्णय घेऊन टाकला होता, आणि तो मेंदूने घेतला असावा अशी डॉक्टरांना शंका होती.

शंका खरी ठरली. मेंदूतली ताणाची संप्रेरके पाळी, बीजमोचन आणि गर्भधारणा यांच्यावर कुठून आणि किती परिणाम करतात, याचा शोध गेली नव्वद वर्षे चालू आहे. त्यातून बरेच काही हाती आले, पण घरगुती समजात त्यातले फार थोडे उतरले. आपल्याकडे सगळ्याला एकच शब्द पुरतो: टेन्शन. परीक्षेच्या महिन्यात पाळी पुढे गेली, टेन्शन. लग्नाला चार वर्षे झाली तरी दिवस राहत नाहीत, टेन्शन. सासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सल्लाही एकच, ‘टेन्शन घेऊ नकोस, होईल सगळं नीट.’ यातल्या पहिल्या गोष्टीला भक्कम पुरावा आहे, दुसरीला फारच विरळ. दोन्ही एकाच पोत्यात भरल्याने दोन्हीकडच्या बायकांचे नुकसान होते. जिची पाळी खरोखर मेंदूने थांबवली आहे, तिला ‘येईल आपोआप’ म्हणून सोडून दिले जाते. जिच्या गर्भनलिका बंद आहेत, किंवा जिच्या नवऱ्याचे शुक्राणू कमी आहेत, तिच्या स्वभावावर खापर फुटते.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथे आणि आसपास विखुरलेल्या जेमतेम हजार-दोन हजार पेशी जीएनआरएच हे संप्रेरक बनवतात. ते काही बारीक रक्तवाहिन्यांतून खालच्या पिट्युटरी ग्रंथीत उतरते. पिट्युटरी त्याच्या सांगण्यावरून एलएच आणि एफएसएच रक्तात सोडते, आणि ही दोन संप्रेरके बीजांडकोशात स्त्रीबीज वाढवतात व वेळ आली की मोकळे करतात. जीएनआरएचची रचना १९७१ मध्ये उलगडली. अँड्र्यू शॅली डुकरांच्या आणि रॉजर गिलमाँ मेंढ्यांच्या लाखो मेंदूंचे तुकडे गाळत होते. दोघांचे एकमेकांशी हाडवैर होते आणि १९७७ मध्ये नोबेल मात्र दोघांना एकत्रच मिळाले.

पण कळीची गोष्ट पिट्सबर्गमध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या प्रयोगशाळेत कळली. १९७८ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की हायपोथॅलॅमस निकामी केलेल्या माकडिणीला तासातून एकदा, थोडा वेळ जीएनआरएच दिले तर एलएच आणि एफएसएच पुन्हा सुरू होतात. तेच औषध सलग थेंबथेंब चालू ठेवले तर दोन्ही बंद पडतात. कालव्याचे पाणी आवर्तनाने सोडले तर पीक येते, बारा महिने वाहते ठेवले तर जमीन चोपण होते. इथेही तसेच आहे. सारा कारभार आवर्तनावर चालतो. बीज वाढण्याच्या काळात बाईच्या शरीरात साधारण तासा-दीड तासाने एक ठोका पडतो, बीजमोचनानंतर हे अंतर तीन-चार तासांवर जाते. त्यामुळे पाळी थांबवायला मेंदूला काहीही मोडावे लागत नाही. ठोके विरळ केले की पुरते. या एका गोष्टीमुळे पुढचे सगळे संशोधन समजायला सोपे जाते.

आता दुसरी बाजू. ताणाचे शास्त्र हान्स सेल्ये यांच्यापासून सुरू होते. माँट्रियलमध्ये त्यांनी उंदरांना थंडी, जखम, विष, अतिश्रम असे नाना त्रास दिले आणि १९३६ मध्ये ‘नेचर’ला एक छोटे पत्र लिहिले: त्रास कोणताही असो, शरीराचा प्रतिसाद एकाच साच्याचा असतो. ॲड्रिनल ग्रंथी फुगतात, थायमस आकसतो, जठरात व्रण पडतात. तीन वर्षांनी त्यांनी माद्यांकडे पाहिले. त्यांचे बीजांडकोश सुकले होते, चक्र थांबले होते. सेल्येंचा तर्क असा होता की संकटात पिट्युटरी आपली शक्ती एका कामाकडून दुसऱ्याकडे वळवते, ताणाची संप्रेरके वाढवते आणि जननाची कमी करते. तर्क चुकला तो जागेबाबत. वळवावळव होते, पण पिट्युटरीच्या एक मजला वर.

याच वर्षांत बर्लिनमध्ये जे चालले होते ते या विषयाच्या आढाव्यात बहुधा गाळले जाते, आणि ते गाळू नये. हर्मन स्टीव्ह हा तिथल्या विद्यापीठातला नामवंत शरीररचनातज्ज्ञ. भीतीचा बीजांडकोशावर काय परिणाम होतो हा त्याचा विषय. नाझी राजवटीत प्ल्योत्झनसे तुरुंगात फाशी आणि शिरच्छेद वाढले, तशी त्याला तिथे मारल्या गेलेल्या बायकांची शरीरे मिळू लागली. मरणाची तारीख ऐकल्यावर पाळीचे काय झाले, याची माहितीही त्याला तुरुंगाकडून मिळे. त्याने स्वतः केलेल्या यादीत १८२ नावे आहेत, त्यांतल्या १७४ बायका. अनेकजणी हिटलरविरोधी चळवळीतल्या होत्या. स्टीव्हवर खटला झाला नाही. १९५२ मध्ये मरेपर्यंत तो आपल्या संस्थेचा प्रमुख राहिला. त्याच्या वारसांच्या घरी सापडलेले तीनेकशे सूक्ष्म काचतुकडे मे २०१९ मध्ये बर्लिनच्या एका दफनभूमीत पुरण्यात आले. त्याची निरीक्षणे कामाची होती का, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. मरणाच्या दारात उभ्या केलेल्या, अर्धपोटी ठेवलेल्या कैद्यांवरून ‘भीतीचा परिणाम’ वेगळा काढता येत नाही, म्हणजे शास्त्र म्हणूनही तो माल कच्चाच होता. पण तो पक्का असता तरी उत्तर बदलले नसते.

ताणाच्या साखळीचे वरचे टोक सापडायला १९८१ उजाडले. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत वायली वेल आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच वेगळे केले. धोका जाणवला की हे स्रवते, पिट्युटरीकडून एसीटीएच सोडवते आणि एसीटीएच ॲड्रिनलमधून कॉर्टिसॉल. तोवर ताणाचा जननावरचा परिणाम कॉर्टिसॉलमुळे होतो, असे गृहीत धरले जाई. वेल यांच्या सहकारी कॅथरीन रिव्हिए यांनी १९८४ मध्ये सीआरएच थेट उंदरांच्या मेंदूतल्या पोकळीत टोचले, आणि एलएच घसरला. दोन वर्षांनी उलटा प्रयोग झाला. उंदरांच्या पायांना विजेचे झटके दिले की एलएच पडतो. मेंदूत सीआरएचला अडवणारे द्रव्य आधी सोडले तर झटके बसूनही तो पडत नाही. हे उंदीर नर होते, हेही नोंदवायला हवे. स्त्रियांबद्दलची बरीच विधाने नरांवरच्या प्रयोगांतून उचललेली आहेत.

मग माकडिणींची पाळी आली. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मिशेल फेरिन यांनी ज्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी काढून टाकल्या होत्या अशा माकडिणींना सीआरएच दिले. त्यांच्या अंगात सीआरएचच्या हुकमाने वाढू शकेल असे कॉर्टिसॉलच नव्हते, तरीही एलएचचे ठोके मंदावले. म्हणजे मेंदूतले सीआरएच ॲड्रिनलचा वळसा न घेताही जननाला आवर घालू शकते. अफूच्या जातीची द्रव्ये मेंदू स्वतःच बनवतो. त्यांना अडवणारे नॅलोक्सोन दिले की हा आवर सैल पडायचा. मध्ये आणखी कुणीतरी दलाल होता हे तेव्हाच कळले होते. त्याचे नाव कळायला पुढची पंधरा वर्षे गेली.

मग कॉर्टिसॉल निर्दोष का? तसेही नाही. मिशिगन विद्यापीठात फ्रेड कार्श आणि केली ब्रीन यांनी मेंढ्यांवर फार नेटके काम केले. ताणाच्या वेळी असते तेवढे कॉर्टिसॉल दिले तर पिट्युटरी जीएनआरएचला नीट दाद देत नाही. बीजांडकोश काढलेल्या मेंढीत ठोक्यांची गती मात्र तशीच राहते. बीजांडकोश असलेल्या, बीज वाढण्याच्या टप्प्यातल्या मेंढीत ठोकेही कमी होतात. तेच कॉर्टिसॉल, तेवढेच कॉर्टिसॉल, पण अंगात इस्ट्रोजेन कोणत्या पातळीवर आहे यावर त्याचा परिणाम बदलतो. ज्यांना कुशिंग हा आजार होतो त्यांच्यात कॉर्टिसॉल कायम चढलेले असते आणि पाळी बिघडते, हे डॉक्टरांना जुनेच ठाऊक आहे.

या सगळ्यात दक्षिण अमेरिकेतल्या मार्मोसेट माकडांनी एक मजेशीर पेच घातला. त्यांच्या टोळीत वरचढ मादीलाच पिल्ले होतात, दुय्यम माद्यांचे बीजमोचन बहुधा बंद असते. सगळ्यांची समजूत अशी की बिचाऱ्या धाकात असतात, त्यांचे कॉर्टिसॉल चढलेले असणार. मोजून पाहिले तर ते वरचढ मादीपेक्षा कमी निघाले. कॉर्टिसॉलच्या आकड्यावरून कुणाचा ताण आणि कुणाची जननक्षमता ठरवू पाहणाऱ्यांनी हा प्राणी लक्षात ठेवावा. आजकाल जाहिरातींतून ‘कॉर्टिसॉल उतरवा, पाळी सुधारा’ म्हणत जी पूड आणि गोळ्या विकल्या जातात, त्यांना या संशोधनाचा काडीचाही आधार नाही.

दलालांपैकी पहिला भलत्याच ठिकाणी सापडला. १९९६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हर्शे गावी कर्करोगाचा फैलाव रोखणारे एक जनुक मिळाले. गाव चॉकलेटसाठी प्रसिद्ध, म्हणून तिथल्या ‘किसेस’ या चॉकलेटवरून जनुकाला किस-१ असे नाव पडले. २००३ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांना आढळले की याच जनुकाच्या प्रथिनाला, किसपेप्टिनला, ओळखणारा ग्राहक बिघडला तर मुले-मुली वयातच येत नाहीत. कर्करोगाच्या वाटेवर निघालेले लोक तारुण्याच्या दारात पोचले. हायपोथॅलॅमसच्या एका कोपऱ्यातल्या काही पेशी किसपेप्टिन, न्यूरोकायनिन-बी आणि डायनॉर्फिन ही तिन्ही द्रव्ये बनवतात. पहिली दोन ठोका उठवतात, तिसरे तो थांबवते, आणि या ओढाताणीतून जीएनआरएचची लय तयार होते. नोबिल यांनी ज्या ठोका देणाऱ्या यंत्राचे अस्तित्व गृहीत धरले होते, ते हेच असे आता बहुतेक संशोधक मानतात. डायनॉर्फिन अफूच्या जातीचे आहे, त्यामुळे फेरिन यांच्या नॅलोक्सोनच्या प्रयोगाला निदान एक संभाव्य अर्थ मिळाला. प्राण्यांना ताण दिला की या भागातले किसपेप्टिन घटते.

दुसरा दलाल जपानमध्ये सापडला. काझुयोशी त्सुत्सुई यांनी २००० मध्ये लावा पक्ष्याच्या मेंदूतून एलएच कमी करणारे द्रव्य वेगळे केले. सस्तन प्राण्यांत त्याचा भाऊबंद आहे आरएफआरपी-३. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे डॅनिएला कौफर यांच्या गटाने त्यावर केलेला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या क्षेत्रातला सर्वांत लक्षात राहण्याजोगा आहे. उंदरांच्या माद्यांना अठरा दिवस रोज काही वेळ अरुंद नळीत कोंडले. मग सोडून दिले आणि चार दिवस, म्हणजे एक चक्र, जाऊ दिले. कॉर्टिसॉलची उंदरातली आवृत्ती एव्हाना जागेवर आली होती, पण आरएफआरपी-३ अजून चढलेलेच होते. या माद्यांना गर्भ कमी राहिले आणि राहिलेल्यांतलेही बरेच पोटातच जिरले. ताणाच्या काळात विषाणूच्या मदतीने हे एकच जनुक दाबून ठेवलेल्या माद्या मात्र ताण सोसूनही जवळजवळ नेहमीसारख्या व्यायल्या. एक जनुक, आणि ताण संपल्यावरही उरणारी खूण. उंदरातले तसेच्या तसे बाईत असेल असे कुणी म्हणत नाही. तरी ‘ताण गेला ना, मग आता काय?’ या प्रश्नाला या प्रयोगाने चांगले उत्तर दिले.

भीतीचे केंद्र समजला जाणारा अमिग्डला हा भाग या साखळीशी कसा जोडलेला आहे, यावर लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये केव्हिन ओबर्न यांनी बरेच काम केले. सीआरएचच्या कुळातलेच युरोकॉर्टिन-३ बनवणाऱ्या तिथल्या पेशी गप्प केल्या, तर शिकाऱ्याचा वास येऊनही मादी उंदराच्या एलएचची लय बिघडत नाही. म्हणजे भीती मेंदूतच लयीपर्यंत पोचते. रक्तातून फेरी मारून यायची तिला गरज नाही.

आता माणसांकडे. बाईच्या बाबतीत या सगळ्याचे सर्वांत स्पष्ट रूप म्हणजे डॉक्टर ज्याला फंक्शनल हायपोथॅलॅमिक अमेनोरिया म्हणतात ते. सोप्या भाषेत, सगळे अवयव धड असताना मेंदूने ठोके मंद केल्याने थांबलेली पाळी. याची कारणे तीन सांगतात: कमी खाणे, अति व्यायाम आणि मानसिक ताण. व्यायामाचा दोष किती यावर ओहायो विद्यापीठाच्या ॲन लाउक्स यांनी निर्णायक काम केले. त्यांनी तरुण मुलींना काही दिवस खूप व्यायाम करायला लावला, पण जाळलेली शक्ती जेवणातून भरून दिली. एलएचची लय हलली नाही. व्यायाम तेवढाच ठेवून जेवण कापले, तेव्हा ती बिघडली. व्यायामाचा खर्च वजा जाता चरबी सोडून उरलेल्या शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ३० किलोकॅलरीच्या खाली गेले की लय ढासळू लागते, हा त्यांचा २००३ चा निष्कर्ष आज खेळाडूंच्या वैद्यकात पायाभूत मानला जातो. पहाटे पोलीस भरतीसाठी धावून मेसच्या दोन पोळ्यांवर दिवस काढणाऱ्या मुलीला हा हिशेब कुणी सांगितलेला नसतो.

मग मानसिक ताणाचे काय उरले? ज्युडी कॅमेरॉन यांनी माकडिणींचे तीन गट केले. पहिल्याची जागा बदलली, ओळखीच्या सोबतिणी तोडल्या. दुसऱ्याला थोडे कमी खाणे आणि थोडा व्यायाम. दोन्ही त्रास इतके सौम्य की बहुतेकींचे चक्र सुरळीत राहिले. तिसऱ्या गटाला दोन्ही एकदम दिले, आणि त्यातल्या बहुसंख्य माकडिणींचे चक्र बिघडले. माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा निकाल हा आहे. घर सोडून शहरात आलेली, खोलीवर एकटी, अभ्यासाच्या धाकात, वजन कमी करायच्या नादात एक वेळचे जेवण टाळणारी मुलगी, हिच्याकडे यातले कुठलेच कारण मोठे नसते. सगळी छोटी असतात. डॉक्टरांपुढे ती एकेक सांगते आणि प्रत्येक वेळी ‘त्याने एवढे होत नाही’ असे ऐकते.

मेंदूवरचे ओझे उतरवले तर पाळी परत येते का? सारा बर्गा यांनी पिट्सबर्गमध्ये हे थेट तपासले. पाळी थांबलेल्या, पण वजन बेताचे आणि व्यायाम अति नसलेल्या १६ बायका घेतल्या. आठजणींना वीस आठवडे विचार-वर्तन उपचार दिले: खाण्याबद्दलच्या, परिपूर्णतेच्या, इतरांच्या अपेक्षांच्या कल्पना तपासून बदलायचे समुपदेशन. बाकी आठजणींवर नुसते लक्ष ठेवले. पहिल्या गटात सातजणींचे बीजांडकोश पुन्हा कामाला लागले, दुसऱ्या गटात दोघींचे. हे २००३ मध्ये छापून आले. सोळा हा आकडा लहान आहे आणि त्यावर इमारत उभारू नये. तरीही एकही संप्रेरकाची गोळी न देता बोलण्याने मेंदूची लय फिरली, ही साधी गोष्ट नाही. याच गटाने पुढे अशा बायकांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात कॉर्टिसॉल वाढलेले असल्याचेही दाखवले.

एकाच वसतिगृहात, एकाच मेसवर, एकाच परीक्षेला बसलेल्या दोघींपैकी एकीचीच पाळी का थांबते? २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासात अशा ५५ बायकांपैकी सातजणींत जीएनआरएचच्या कारभाराशी निगडित जनुकांतले दुर्मीळ बदल सापडले. नियमित पाळी असलेल्या तुलनेच्या गटात ते एकीतही नव्हते. त्या ‘नाजूक मनाच्या’ नव्हत्या, त्यांच्या मेंदूतली लयच जन्मतः थोडी हळवी होती. चरबीतून येणाऱ्या लेप्टिनचीही अशीच गोष्ट. २००४ मध्ये आठ बायकांना ते टोचून दिले तेव्हा तिघींचे बीजमोचन झाले. पोट भरले आहे ही वर्दी मेंदूला मिळणे हाच उपचाराचा भाग असू शकतो.

यात एक मधली पायरीही आहे. फेरिन यांनी माकडिणींना बारा दिवसांचा ताण दिला तेव्हा अनेकींचे चक्र वरवर नियमित राहिले, पण बीजमोचनानंतरचे प्रोजेस्टेरॉन कमी पडले. कॅलेंडरवर सगळे ठीक, आत मात्र तोटा. मूल होण्यातल्या अडचणींचे खापर ताणावर फोडणाऱ्यांना हा प्रयोग आवडतो, म्हणून माणसांतला पुरावा नीट पाहायला हवा.

२०११ मध्ये जॅकी बॉयव्हिन आणि सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४ अभ्यास आणि ३,५८३ बायकांची माहिती एकत्र केली. आयव्हीएफच्या आधी कोण किती चिंतेत किंवा उदास होते, याचा गर्भ राहण्या-न राहण्याशी संबंध आढळला नाही. २०१४ मध्ये मिशिगन आणि टेक्सासमधल्या ५०१ जोडप्यांचा मागोवा घेणारा अभ्यास आला. त्यात बाईच्या लाळेतले अल्फा-ॲमायलेज हे विकर मोजले. धडधड वाढवणारी मज्जासंस्था किती जागी आहे ते त्यावरून कळते. ज्यांच्यात ते सर्वाधिक होते त्यांना दिवस राहण्याची शक्यता दर महिन्याला २९ टक्के कमी दिसली. कॉर्टिसॉलचा मात्र संबंध निघाला नाही. दोन्ही मिळून चित्र असे की ताणाने थोडा उशीर संभवतो, पण ‘तू चिंता करतेस म्हणून मूल होत नाही’ हे वाक्य शास्त्राच्या नावावर कुणी उच्चारू नये. आयव्हीएफमध्ये मेंदूची लय औषधांनी बाजूला सारलेलीच असते, त्यामुळे तिथे तर ते मुळातच लटके पडते.

अशा अर्धवट समजाचे विषारी टोकही जगाने पाहिले. २०१२ मध्ये अमेरिकेत सिनेटसाठी उभे असलेले टॉड एकिन म्हणाले की बलात्कार खरा असेल तर बाईचे शरीर गर्भ राहूच देत नाही. ताणाने चक्र थांबायला दिवस, आठवडे लागतात. त्या क्षणी बीज बाहेर पडलेले किंवा पडण्याच्या बेतात असेल तर भीती ते परत फिरवत नाही. अमेरिकेतल्याच १९९६ च्या अभ्यासात बलात्कारानंतर गर्भ राहण्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के आढळले होते. एकिन निवडणूक हरले, पण समज हरला असे म्हणवत नाही.

संकटात जनन थांबणे ही निसर्गाची शहाणी योजना आहे, असे ठोकून सांगायची पद्धत आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या उपासमारीनंतर नेदरलँड्समध्ये जन्म जवळजवळ निम्म्यावर आले. आपल्याकडे टिम डायसन यांनी वऱ्हाडाच्या १८८१ पासूनच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी तपासल्या, त्यांतही १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांमागोमाग जन्म घसरलेले दिसतात. पण दुष्काळात नवरे कामाच्या शोधात परगावी जातात, अंगात त्राण उरत नाही, माणसे मरतात. त्या घसरणीतला संप्रेरकांचा वाटा वेगळा मोजता येत नाही. आणि सीआरएच काही नुसते बंदी घालणारे द्रव्य नाही. गर्भाशयाच्या अस्तरात ते गर्भ रुजायला मदत करते. त्याला अडवणारे औषध दिले तर उंदरांत गर्भ कमी रुजतात, हे २००१ मध्ये दिसले. गरोदरपणात वारेतून ते स्रवते, आणि त्याच्या चढत्या पातळीवरून बाळंतपण कधी होणार याचा अंदाज बांधता येतो, असे ऑस्ट्रेलियातल्या रॉजर स्मिथ यांच्या गटाने १९९५ मध्ये मांडले. मेंदूत जे संप्रेरक जननाला अडवते, तेच गर्भाशयात त्याला हात देते.

आपल्या दवाखान्यांतली एक गडबड मात्र सांगितलीच पाहिजे. पाळी थांबलेली मुलगी येते, सोनोग्राफी होते, बीजांडकोशात बरीच बारीक बुडबुड्यांसारखी बीजे दिसतात आणि शिक्का बसतो: पीसीओडी. मेंदूने थांबवलेल्या पाळीतही बऱ्याच जणींची सोनोग्राफी तशीच दिसते. फरक रक्तात आणि कहाणीत असतो. पीसीओडीत एलएचचे ठोके जलद असतात, इथे मंद, आणि इस्ट्रोजेन घटलेले. शिक्का चुकला की सल्लाही उलटा जातो. जिला दोन घास जास्त हवेत, तिला ‘वजन कमी कर, गोड बंद कर, रोज तासभर चाल’ सांगितले जाते, आणि पाळी आणखी लांबते.

दुसरी गडबड गोळ्यांची. गर्भनिरोधक गोळ्या चालू केल्या की महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव होतो आणि घरी सगळ्यांना हायसे वाटते. तो गोळ्यांचा स्राव असतो, मेंदू झोपलेलाच राहतो. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे की केवळ पाळी आणण्यासाठी किंवा हाडे सुधारण्यासाठी या गोळ्या देऊ नयेत. हाडांचा प्रश्न खरा आहे: इस्ट्रोजेन दीर्घकाळ कमी राहिले तर ज्या वयात हाडे भरायची त्याच वयात ती विरळ होतात. मार्गदर्शिका आधी खाणे, व्यायाम आणि मन यांच्याकडे पाहायला सांगते, विचार-वर्तन उपचारांची शिफारस करते, आणि पुरेसा काळ देऊनही फरक पडला नाही तर त्वचेवाटे इस्ट्रोजेन थोड्या काळापुरते द्यावे म्हणते.

तेव्हा पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा दोन पाळ्यांमधले अंतर सतत ४५ दिवसांच्या वर जाऊ लागले, तर वाट पाहत बसू नका. गरोदरपण नाही ना हे आधी पाहा, मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच आणि इस्ट्रोजेन तपासून घ्या. डॉक्टरांनी दिवसभरात काय खाता, किती पळता, किती तास झोपता हे विचारले नसले तरी आपणहून सांगा. आणि घरात कुणाला ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणायचा मोह झालाच, तर त्याऐवजी तिने आज जेवण केले का, एवढे विचारा.